पन्नासपैकी एकोणपन्नास

२ मार्च, सकाळी सहा

आजपासून अभ्यास. संध्याकाळच्या कॉलेजचा फॉर्म काल भरला. पंचेचाळीस पूर्ण झालेली नसावीत, अशी वयाची अट आहे. माझी ऑगस्टमध्ये होतात. म्हणजे हे एकच वर्ष. फॉर्म घेणारा कारकून म्हणाला, बाई, यंदा नाही तर मग कधीच नाही. तेवढं 'कधीच नाही' म्हणायची गरज नव्हती. मॅट्रिकनंतर राहून गेलं ते राहूनच गेलं, हे मला ठाऊक आहे.

परीक्षा १२ एप्रिलला. इंग्रजीचा एकच पेपर, शंभर मार्कांचा. पन्नास शब्दांना, पन्नास व्याकरणाला. दिवस मिळतात एकेचाळीस. रोज पंचवीस शब्द म्हटले तर एक हजार पंचवीस होतात. वरचे पंचवीस विसरायला ठेवले.

देवापुढे हात जोडून सांगितलं, रोजचे पंचवीस शब्द झाल्याशिवाय चहा घेणार नाही.

२ मार्च, सकाळी साडेसात

शब्द चार. कॉफी घेतली. कॉफीबद्दल देवाशी काही बोलणं झालं नव्हतं.

४ मार्च

रद्दीवाल्याकडे व्याकरणाची सराव पुस्तिका मिळाली. पहिली पानं गेलेली, पण पन्नास प्रश्नांचा एक पेपर अखंड आणि मागे उत्तरं. लेक म्हणाली, आई, वीस पेपरांचा नवा संच मिळतो, मी आणते. मी म्हटलं, ज्यांना एका पेपरातून शिकता येत नाही त्यांना वीस लागतात. आपण मऊ पेन्सिलीने सोडवायचा, तपासायचा, खोडरबराने साफ करायचा, परत सोडवायचा. वीस वेळा. वीस पेपर काय आणि एक पेपर वीस वेळा काय, पन्नास गुणिले वीस हजारच.

पहिल्यांदा सोडवला. पन्नासपैकी चौदा. सवय गेली आहे, बाकी काही नाही.

७ मार्च

शब्दांचं खातं उघडलं. घरखर्चाच्या वहीत मागची पानं कोरीच असतात. आरंभीची शिल्लक म्हणून मॅट्रिकपर्यंतचे शब्द धरायचे होते. मी चार हजार धरले. लेक म्हणाली, चारशे असतील. भांडण नको म्हणून तीन हजार लिहिले.

शब्द लिहिला की त्याच दिवशी जमा. विसरला तर वजा करायचा नाही, त्यासाठी वेगळं पान केलंय: 'येतात, पण आत्ता आठवत नाहीत.' पान जवळजवळ भरलं. वहीत आणखी पानं आहेत.

१० मार्च

मोठा शोध लागला. शब्द नुसता पाठ केला की दुपारच्या भांड्यांबरोबर वाहून जातो. पण माणसाला चिकटवला की राहतो. टॅसिटर्न म्हणजे कमी बोलणारा. हा शब्द ह्यांना दिला. ह्यांना दुकानात जाताना सांगितलं, तुम्ही टॅसिटर्न आहात. ह्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान आहे. हे काही बोलले नाहीत. शब्द पक्का झाला.

लगेच कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या मागे यादी केली आणि स्वयंपाकघराच्या दारामागे लावली. ऑब्स्टिनेट म्हणजे हट्टी, सासूबाई. इनडोलंट म्हणजे आळशी, लेक (रविवारची). गॅरुलस म्हणजे अखंड बडबड करणारी, माझी धाकटी जाऊ. वरच्या मजल्यावर राहते, बी.ए. आहे, आणि दिवसातून दोनदा सांगते. एक्स्ट्रॅव्हॅगंट म्हणजे उधळी, तीच. व्हेन म्हणजे आपल्याच तोऱ्यात असणारी, पुन्हा तीच. तिच्यामुळे अभ्यास फार भराभर होतो.

फ्रूगल म्हणजे काटकसरी. हा शब्द मी स्वतःकडे ठेवला. मायझरली म्हणजे कंजूष. लेक म्हणाली, हाही तुलाच बसतो. तोही जावेला दिला.

१३ मार्च

पेपर दुसऱ्यांदा. सत्तावीस. तिसऱ्यांदा, दुपारी. अडतीस. एका दिवसात अकरा मार्क वाढले. ह्या गतीने परीक्षेपर्यंत किती होतील ते काढून बघितलं, तर शंभराच्या फार वर जातात. थोडं हळू घ्यायला हवं.

सासूबाईंनी विचारलं, माझ्या नावावर कुठला शब्द लावलास गं? मी म्हटलं, व्हेनरेबल, म्हणजे पूजनीय. खूश झाल्या. यादीतही बदलायला हवा, पण खाडाखोड वाईट दिसते. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही.

१६ मार्च

आज शब्द शून्य. गॅसवाला येणार म्हणून बसून राहिले. तो आला नाही. वाट बघणं हाही अभ्यासच, मन एकाग्र होतं. चहा घेतला. पंचवीस शब्द 'उद्याचे आगाऊ' म्हणून आजच लिहून टाकले.

१९ मार्च

घात झाला. जाऊ चाळणी मागायला आली. मी गच्चीवर होते. चाळणी दारामागेच अडकवलेली असते. मी खाली आले तर ती यादीसमोर उभी, चाळणी हातात. बी.ए. असल्यामुळे तिला सगळे अर्थ आले. पहिल्यांदाच तिच्या शिक्षणाचा कुणाला तरी त्रास झाला.

म्हणाली, जाऊबाई, माझ्या नावावर नऊ शब्द आहेत. मी मोजले. नऊत एक बरा नाही सापडला? मी म्हटलं, अगं, हा अभ्यास आहे, मनावर घेऊ नकोस. ती म्हणाली, अभ्यासात सुद्धा माणूस मनातलंच लिहितं. आणि चाळणी तिथेच ठेवून वर गेली. जिना चढताना एक अक्षर बोलली नाही. तिला गॅरुलस म्हणणं तसं चूकच होतं.

२० मार्च

प्रार्थनेत लक्ष लागेना. परनिंदा ती इंग्रजीत केली तरी परनिंदाच. देवाला सगळ्या भाषा येतात.

प्रायश्चित्त म्हणून यादी नव्याने केली. जावेला सगळे चांगले शब्द दिले: बेनेव्हलंट म्हणजे परोपकारी, कँडिड म्हणजे मनमोकळी, ग्रेशस म्हणजे शालीन. तिचे नऊ वाटून टाकले. तीन नळ दुरुस्त करणाऱ्याला, दोन ह्यांच्या मावसभावाला, तो परदेशी असतो, त्याला कळायचं नाही. उरलेले चार गॅसवाल्याला. त्याला द्यायला काहीच वाईट वाटलं नाही.

यादी वर नेऊन तिला दाखवली. तिने वाचली. म्हणाली, कँडिड ठेवा, बाकीचे खोटे आहेत. पण चहा दिला. तिचाच आग्रह होता, नाही म्हणणं पाप.

२४ मार्च

पेपर सातव्यांदा. चव्वेचाळीस. खोडून खोडून कागद पातळ झालाय. सव्विसाव्या प्रश्नाच्या जागी आता पलीकडचं दिसतं. प्रश्न वाचायची गरजही फारशी पडत नाही. नजर टाकली की उत्तर येतं. ह्यालाच व्याकरण अंगात मुरणं म्हणत असावेत.

२७ मार्च

उत्तरं आता रोजच्या जपाला जोडली. माळ हातातच असते, वेळ वेगळा काढावा लागत नाही. आधी देवाचं नाव एकशे आठ वेळा, मग ए, डी, बी, बी, सी, ए, अशी पन्नास. चालही छान बसली. शेजारी सासूबाई हात जोडून बसल्या होत्या. झाल्यावर म्हणाल्या, हे नवीन दिसतंय, फार शांत वाटतं, उद्या जरा मोठ्याने म्हण.

१ एप्रिल

सासूबाईंना पाठ झालं.

२ एप्रिल

लेकीने आज वेडेपणा केला. सासूबाईंना समोर बसवलं आणि माझा पेपर वाचून दाखवायला लागली. प्रश्न एक, प्रश्न दोन. सासूबाई डोळे मिटून ए, डी, बी, बी. पन्नासपैकी शेहेचाळीस. लेक म्हणाली, आई, बघ. आजीला इंग्रजीतलं एक वाक्य येत नाही, आणि ती शेहेचाळीस आणते. कळतंय का तुला ह्याचा अर्थ?

कळतंय की. पद्धत इतकी चांगली आहे की सासूबाईंना सुद्धा लागू पडते. त्यांनी फॉर्म भरायला हवा होता, पण वयात बसत नाहीत.

सासूबाई लेकीला म्हणाल्या, चार कुठे चुकले ते सांग गं, देवाचं आहे, चुकीचं म्हणू नये.

५ एप्रिल

लेकीने तिच्या मोबाईलवर दुसराच पेपर काढून दिला. म्हणाली, एवढा एक सोडव, माझ्यासाठी. पन्नासपैकी अकरा. पेपर सदोष वाटला. प्रश्न सरकत होते. शिवाय उत्तराचा ताल काहीच लागत नव्हता, सी, सी, सी, ए, असं कुठे असतं का?

लेकीने मोबाईल बाजूला ठेवला. मग म्हणाली, आई, अजून सात दिवस आहेत. रोज संध्याकाळी एक तास मी तुला शिकवते, अगदी पहिल्यापासून. मी म्हटलं, आता शेवटच्या आठवड्यात नवीन काही सुरू करू नये, गोंधळ होतो. ती म्हणाली, जुनं काय आहे?

लहान आहे. दिवसभर ऑफिसात दमते. वाईट वाटू दिलं नाही.

१० एप्रिल

एकोणपन्नास! पन्नासपैकी एकोणपन्नास! तेराव्या मिनिटाला पेपर संपला. एक चुकला तो तसाच ठेवला. गर्व नको.

खात्यावर शब्द: तीन हजार सातशे बारा. त्यातले 'येतात, पण आत्ता आठवत नाहीत' तीन हजार सहाशे. म्हणजे नीट आठवणारे एकशे बारा, आणि बाकीचे पेपर बघितला की आठवतील.

ह्यांना विचारलं, कसं वाटतंय? हे म्हणाले, तू कर. दोनच शब्द, पण टॅसिटर्न माणसाचे दोन म्हणजे पुष्कळ.

१२ एप्रिल, दुपारी तीन

परीक्षा झाली. वर्गातून सगळ्यांत आधी मी बाहेर पडले.

क्रमाने लिहिते. पहिला भाग शब्द. पहिलाच शब्द गॅरुलस! बघते तर काय, जाऊ डोळ्यांसमोर उभी राहिली. अर्थ: परोपकारी, बडबडी, आळशी, कंजूष. आता जाऊ म्हणजे परोपकारी, हे मी स्वतःच वर जाऊन दाखवून आले होते. पण बडबडी आधी होती. की ते गॅसवाल्याला गेलं? गॅसवाला तर एक शब्द न बोलता सिलिंडर ठेवून जातो. मग नळवाला आठवला, त्याच्याकडे तीन शब्द, एकही ओळखू येईना. परमेश्वराचं नाव घेतलं आणि परोपकारीवर खूण केली. जावेचं भलं केलं म्हणून त्रास होणार नाही, असं मनात आलं.

पुढचे शब्दही असेच. माणसं सगळी आली, अर्थ कुणाच्याच बरोबर नव्हता. फ्रूगल मात्र आलं. तो माझा होता, कुणाला दिला नव्हता.

दुसरा भाग व्याकरण. प्रश्न वेगळे होते. पण उत्तरांच्या चौकटी तशाच, पन्नास. दोन-तीन प्रश्न वाचून बघितले, उगाच मनात शंका यायला लागल्या. म्हटलं, इतके दिवस श्रद्धेने म्हटलं ते काय आयत्या वेळी सोडायचं? डोळे अर्धे मिटले आणि ए, डी, बी, बी, सी. चार मिनिटांत पन्नास. पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, अजून एक तास आहे, परत एकदा वाचून बघता का? मी म्हटलं, नको, पाठ आहे.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. चकित झाल्या असाव्यात.

१२ एप्रिल, संध्याकाळी

पन्नासपैकी एकोणपन्नास व्याकरणाचे. शब्दांचे तीस धरले तरी एकोणऐंशी. लेकीला सांगितलं. तिने विचारलं, प्रश्न तेच होते? मी म्हटलं, बरेचसे. म्हणजे प्रश्नच होते.

२० एप्रिल

निकाल ११ मेला. तोवर तयारी केलेली बरी. कॉलेज संध्याकाळी सहा ते नऊ. भाजी चारला चिरायची, कुकर पाचला. सासूबाईंची औषधं लेकीकडे. ह्यांना चहा स्वतःचा स्वतः करायला शिकवला. एकदा दूध उतू गेलं, दुसऱ्यांदा पातेलं जळालं. अभ्यासाला दोघंही लागलोय म्हणायचं.

जावेला म्हटलं, काही अडलं तर तुझी बी.ए.ची पुस्तकं लागतील. ती म्हणाली, घेऊन जा, पण आधी निकाल तर लागू द्या. मी म्हटलं, लागल्यासारखाच आहे.

१० मे

झोप नीट लागली नाही. उद्या निकाल म्हणून नाही. उकडत होतं.

एवढं मात्र लिहून ठेवते. पहिला नंबर नको. मधला कुठलाही चालेल. फक्त आत घे. पुढच्या वर्षी मला कुणी फॉर्मसुद्धा देणार नाही.

११ मे

कॉलेजच्या फळ्यावर यादी लागली होती. वरून बघायला सुरुवात केली. पहिल्या दहात नाव नाही. म्हटलं, ठीक आहे, तरुण मुलं असतात. वीस झाले. तीस झाले. इथे मी जरा चष्मा पुसला. एकेचाळिसाव्या नंबरावर माझं नाव होतं. त्याच्या खाली फळ्याचं लाकूड.

मार्क तेवीस. शंभरपैकी.

किती वेळ उभी होते कोण जाणे. मागची मुलगी म्हणाली, मावशी, जरा सरकता का. सरकले. खिडकीशी गेले. तोच कारकून होता. मी म्हटलं, भाऊ, एकदाच सांगा, परत विचारायला येणार नाही, मी गेलेच ना? तो म्हणाला, कुठे गेलात? आलात. सीटा साठ, परीक्षेला बसले एकेचाळीस. नापास कुणाला करायचं? पेपरभर झोपला होता तो सुद्धा आत आहे. तो चाळिसावा.

आत! पायरीवर बसूनच हात जोडले. परीक्षा देवाने बघितली, मार्क त्याने बघितलेच नाहीत.

मग कारकुनाने मागून हाक मारली. पस्तिसाच्या खालच्यांना एकदम पहिलं वर्ष नाही. आधी सहा महिने तयारीचा वर्ग, शब्द आणि व्याकरण. शेवटी परीक्षा. तिथे चाळीस आणले तर पुढे, नाही तर प्रवेश रद्द. मी घाबरून विचारलं, आणि वय? तो म्हणाला, वय आता मोजून झालं. फक्त मार्क मोजायचे राहिलेत.

११ मे, संध्याकाळी

घरी सगळ्यांना सांगितलं, प्रवेश मिळाला. हे खुर्चीतून उठून उभे राहिले, आणि मग उठून काय करायचं ते न सुचून परत बसले. सासूबाईंनी लगेच ए, डी, बी, बी सुरू केलं. त्यांना थांबवलं नाही, पण बरोबर म्हणवलंही नाही.

जाऊ वरून धावत आली, मिठीच मारली. किती मार्क, किती मार्क? मी म्हटलं, तेवीस. तिला वाटलं असेल पंचवीसपैकी. कितीपैकी, हे तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. लेक दारात उभी राहून ऐकत होती. तीही काही बोलली नाही. बापावर गेली आहे.

१४ जून

उद्यापासून वर्ग. सहा महिन्यांचा वर्ग माझ्यासारखीला थोडा लांबतोच आहे, पण नियम म्हणजे नियम. वर्गातल्या बाकीच्यांना मदत होईल. शिकवणाऱ्या बाईंना हवं तर माणसांची पद्धत समजावून देईन. नीट, चुका टाळून.

१५ जून

वर्गात सतरा जण. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीपेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठी. मी पहिल्या बाकावर बसले, वही उघडून, कारण प्रश्न विचारले तर पहिला हात आपला वर जायला हवा. तिने काही विचारलंच नाही. सगळ्यांना एकेक कागद दिला आणि म्हणाली, दहा साधी वाक्यं आहेत, कुठे बरोबर, कुठे चूक तेवढं सांगा. घाबरू नका, मला फक्त बघायचंय सुरुवात कुठून करायची.

ए, डी, काहीच नव्हतं. नुसती इंग्रजी वाक्यं. मी वाचली. पहिल्यांदा अख्खी वाचली, शेवटपर्यंत. मुलगा शाळेत जातो. काल आम्ही बाजारात गेलो. इतकी साधी, आणि मला कळेना. चौथ्या वाक्याला घाम आला. सहाव्याला वाटलं, बाहेर जाऊन पाणी पिऊन येते म्हणावं आणि तशीच घरी जावं. पण शेजारी एक बस कंडक्टर बसलाय, चांगला गलेलठ्ठ. तो पेन्सिल चावत माझ्याकडे वळला आणि हळूच म्हणाला, ताई, हे पाचवं तुम्हाला येतंय का? मी म्हटलं, नाही हो. तो म्हणाला, हुश्श.

बसले मग.

दहापैकी चार. कंडक्टरला पाच. त्याने कागद झाकला नाही, मग मीही नाही झाकला. मुलगी माझ्या चुका बघून म्हणाली, काकू, चूक एकच आहे, पण सहा वेळा केलीत. ती एक सुधारली की सहा सुटतील. आणि फळ्यावर अगदी पहिल्या इयत्तेचं काढून समजावलं. एक तास. मला दोनदा विचारावं लागलं. विचारलं.

साडेनऊला घरी. लेक आणि हे जेवायचे थांबले होते. हे म्हणाले, किती?

चार, म्हटलं.

कितीपैकी, हे त्यांनी विचारलं नव्हतं. दहापैकी, असं मीच सांगितलं. मग भात वाढताना म्हटलं, कंडक्टरलाही पाचच आहेत.